विल्फच्या हिरवळीतली दुसरी पेनी

१

"विल्फला फसवून दाखव," जेड म्हणाला, आणि ब्रायनी थर्टलनं तोंडातलं बिस्कीट गिळायच्या आतच "त्यात काय एवढं!" म्हणून टाकलं. नंतर कितीदा तरी तिला वाटलं, बिस्कीट जरा मोठं असतं तर बरं झालं असतं.

गहू गुडघ्याच्या वर आला होता. गहू वर आला की इंग्लंडच्या नॉरफक भागातला शेतकरी फाटक लावून घेतो. कापणी होईस्तोवर शेतात धातू शोधायचं मशीन घेऊन पाय टाकायचा नाही. मग जमिनीतली जुनी नाणी हुडकणाऱ्या क्लबची मंडळी करणार काय? आपापल्या घरामागच्या हिरवळीवर मशीन फिरवायचं, मातीतून बुचं आणि चमचे काढायचे, खिडकीत बसून कोल्हे आणि भेकरं बघायची, आणि शनिवारी पत्र्याच्या शेडमध्ये चहा ढोसत गेल्या हिवाळ्याच्याच बढाया परत मारायच्या.

त्या मंडळींत विल्फ बंकल म्हणजे क्लबचा कान. मशीन नुसतं टिंग करायचा अवकाश, म्हातारा खणायच्या आधी सांगायचा, "बूच." खणलं की बूच. "बटण आहे, पण चांगल्या घरातलं." खणलं की पितळी, नक्षीवालं. त्याला पुरून ठेवलेल्या नाण्यानं फसवायचं म्हणजे कोल्ह्याला रबराची कोंबडी विकायची.

"कापणीच्या आत पकडली गेलीस, नाहीतर स्वतःहून फुटलीस, तर तुझं मशीन माझं," जेड म्हणाला. जेड तिचा मावसभाऊ. वयानं वर्षभर मोठा, अकलेनं नाही.

"आणि नाही फुटले तर?"

"तर मी सगळ्यांसमोर तुला बाईसाहेब म्हणेन. अख्खा हिवाळा."

ब्रायनीनं हात पुढं केला. मशीन तिच्या बापानं दिलेलं. बाप समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला, घरी यायचा तेव्हा दोघं पहाटे शेतात. ते मशीन ती कुणाला देणार? आणि फुटायचं म्हणाल तर ब्रायनी आजवर कधी फुटलीच नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेतलं पेंढा भरलेलं घुबड हेडमास्तरांच्या गाडीत सीटबेल्ट लावून बसवलं होतं, तेव्हा सगळ्या वर्गाला शिक्षा झाली. ही मात्र तोंड इवलंसं करून उभी. "मी केलं" हे दोन शब्द तिच्या तोंडातून कधी निघाले नव्हते, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

२

विल्फचं घर म्हणजे एकटं माणूस राहतं तसं घर. स्वयंपाकघर, त्याची मोठी खिडकी, शेजारी मागचं दार, दारापासून कुंपणापर्यंत लांबलचक हिरवळ. मधोमध सफरचंदाचं झाड, आणि झाडाला पट्ट्यानं बांधलेला कॅमेरा. कुणी समोरून गेलं की कॅमेरा आपोआप छोटंसं हलतं चित्र घ्यायचा. कोल्हा, भेकर, रात्री बशीतलं खायला येणारे काटेवाले हेजहॉग. विल्फचा सगळा उन्हाळा त्यावर चालायचा.

आता कॅमेऱ्यासमोर चोरी कशी करायची? तर त्यातच गंमत होती. कॅमेऱ्यातलं ते नखाएवढं कार्ड विल्फच्या जाड बोटांना सापडायचंच नाही. ते काढून, लॅपटॉपला लावून, काल कोण कोण आलं ते म्हाताऱ्याला दाखवायचं काम ब्रायनीचं. म्हणजे चोर तीच, फौजदारही तीच. स्वतःचं चित्र दिसलं की पुसायचं, आणि मग हाक मारायची, "या विल्फ, पिक्चर सुरू!"

पेनी तिनं बापाच्या डब्यातून घेतली. जुनी, चांदीची, हातानं ठोकलेली, वाळक्या पानासारखी पातळ. राजाचा चेहरा म्हणजे बटाट्याला डोळे. कडेला उंदरानं कुरतडल्यासारखा एक चावा, आणि चाव्यापासून निघालेली बारीक चीर राजाच्या डोळ्यातून पार गेलेली.

विल्फ चर्चला गेला तेव्हा तिनं कुंपणाजवळ काम उरकलं. सुरीनं गवताचं झाकण तीन बाजूंनी कापलं, उचललं, पेनी खोल सारली, झाकण बसवलं, टाचेनं दाबलं, झारीनं पाणी घातलं, वरून चिमूटभर कापलेलं गवत. खड्डा असा बुजवायचा की चरणाऱ्या गाईलासुद्धा कळू नये, हे बापानंच शिकवलेलं. लांबून बघून तिची तिलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या बसमधून उतरते न उतरते तोच विल्फ कुंपणावरून ओरडला, "पोरी! इकडं ये! बूट पुसू नकोस, आज सगळं माफ!"

त्यानं मूठ उघडली. तळहातावर पेनी होती. आणि तिच्या शेजारी आणखी एक.

"दोन?" ब्रायनीच्या तोंडून निसटलं.

"मग काय! एकाच खड्ड्यात. एकीची पाठ दुसरीच्या पाठीला लागलेली. आयुष्यभर लोकांची शेतं तुडवली ग मी, आणि ही माझ्याच हिरवळीखाली पडून होती." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "शनिवारी टेबलावर ठेवणार. जिल्ह्याची जुनी नाणी तपासणारी बाई क्लबात येतेय ना, तिच्यासमोर."

ब्रायनीनं वाकून पाहिलं. एका पेनीवर उंदराचा चावा, आणि डोळ्यातून गेलेली चीर. दुसऱ्या पेनीवर उंदराचा चावा, आणि डोळ्यातून गेलेली चीर.

३

म्हातारा उलटा फिरलाय, असं तिनं ठरवलं. त्याला कळलंय आणि तो आता आपली फिरकी घेतोय. पण अशी हुबेहूब पेनी विल्फ करणार कशी? त्याला साधा टोस्ट न जाळता करता येत नव्हता. मग जेड? जेडला तर स्वतःच्या बुटाची नाडी एकसारखी दोनदा बांधता यायची नाही.

तिनं कार्ड लॅपटॉपला लावलं. स्वयंपाकघरात किटली गुरगुरत होती, विल्फ कप विसळत होता. आधी तिचं स्वतःचं चित्र आलं, गुडघे टेकून खणताना. पटकन पुसलं. मग कोल्हा. कुंपणाच्या फटीतून आला, नेहमीसारखा सरळ बशीकडे निघाला, आणि हिरवळीच्या मध्यावर एकदम वळला. थोडा डावीकडे गेला, अर्धा वळसा घालून परत आपल्या वाटेला लागला.

तिथं काहीच नव्हतं. नुसतं गवत.

"परत लाव," मागून विल्फ म्हणाला. "हा असा का चालला?"

"काटा रुतला असेल."

मग भेकर आलं. तेही तिथंच वळलं. हेजहॉग तर इतका मठ्ठ प्राणी की फुलदाणीवरसुद्धा सरळ आदळतो; तोही त्या जागेशी थांबला, नाक वर केलं आणि कडेकडेनं गेला. गर्दीत माणूस उभा असला की त्याच्या पायांना वळसा घालून आपण जातो ना, अगदी तस्सं.

"वास असेल कसला तरी," ब्रायनी म्हणाली. "कोल्ह्यानं काहीतरी करून ठेवलं असेल."

"असेल," विल्फ म्हणाला, पण कप विसळायचं थांबलं होतं.

पुढच्या दिवशीच्या चित्रांत प्राणी परत वळले. जागा तीच नव्हती, जरा घराकडे सरकली होती.

४

ब्रायनी घाबरली नव्हती. ती स्वतःला हे वरचेवर सांगत होती, तेवढ्यावरून काय ते ओळखा. पण तिला रागही आला होता. गावात फसवायचं काम तिचं. तिच्या खोडीवर खोडी करणारं हे कोण उपटसुंभ?

म्हणून तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी काढली, तिला जांभळं नेलपॉलिश लावलं, दातानं चावून वाकडी केली. असली कडी अख्ख्या इंग्लंडात दुसरी नसणार. ती सफरचंदाखाली पुरली, झाकण, टाच, पाणी, सगळं साग्रसंगीत.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच विल्फला तिकडं नेलं. "इथं फिरवा की जरा."

टिंग.

"डब्याची कडी," विल्फ लगेच म्हणाला. मग कान तिरका केला. "नाही, दोन कड्या."

दोन होत्या. दोन्ही जांभळ्या. दोन्हींवर तिच्या पुढच्या दातांची खूण, त्या तिरक्या दातासकट. दुसरीचं नेलपॉलिश अजून ओलं होतं. विल्फच्या अंगठ्याला लागलं.

"काय हा कचरा," विल्फ हसला आणि दोन्ही बादलीत टाकल्या. "पण पेनीची गोष्ट वेगळी हं. काल रात्री झोपच आली नाही. शर्टाला इस्त्री करून ठेवलीय."

तो आत गेल्यावर ब्रायनीनं आपलं मशीन घेतलं, हेडफोन लावले आणि प्राणी ज्या जागेला वळसा घालत होते तिकडं निघाली. आता ती जागा दारापासून चार ढांगांवर आली होती.

नॉरफकची जमीन कधी गप्प बसत नाही. खिळे, तारा, घोड्याचे नाल, चॉकलेटची चांदी; कानात काही ना काही कुरकुरतंच. इथं मशीन मुकं झालं. सूर नाही, कुरकुर नाही, आणि मशीन चालू असताना कानात सतत असते ती बारीक गुणगुणसुद्धा नाही. ती मागं सरली, गुणगुण आली. पुढं सरली, गुणगुण गेली.

बॅटरी, तिनं मनाशी म्हटलं. बॅटरी ढिली असणार.

त्या मुक्या हेडफोनमध्ये तिला आपला श्वास ऐकू आला. आत घेतलेला, बाहेर सोडलेला. मग, जरा थांबून, तोच श्वास पुन्हा. तिनं श्वास रोखला. दुसरा लगेच थांबला नाही.

हेडफोन तिथंच टाकून ती घरी पळाली. आईला सांगितलं, पोट दुखतंय.

५

शुक्रवारी तिला जायचं नव्हतं. पण शनिवार डोक्यावर आला होता, आणि तिला एवढं कळत होतं की त्या दोन पेन्या टेबलावर गेल्या तर काय होईल. एकीवरचा चावा दुसरीवर कसा, हे कुणी विचारलं की संपलं. क्लबमध्ये पुरून ठेवलेली वस्तू सापडली म्हणून दाखवणं यासारखं दुसरं पाप नाही. विल्फला काढून टाकतील. कुठला शेतकरी त्याला पुन्हा फाटक उघडून देणार? ज्या माणसाचा कान हीच त्याची अब्रू, त्याला गावात लबाड म्हणतील. म्हणजे एक तर हे विल्फला गुपचूप सांगायचं, नाहीतर पेन्या गुपचूप लांबवायच्या. दुसरं बरं. दुसऱ्यात फुटावं लागत नव्हतं.

पण पेन्या कापसात ठेवून, पेपरमिंटच्या डबीत घालून, विल्फनं शर्टाच्या खिशातच ठेवल्या होत्या. वरून बटण. अधूनमधून खिसा चाचपत होता.

"कार्ड बघ की," तो म्हणाला. "मी बिस्किटं काढतो."

तिनं कार्ड लावलं. कस्तुर पक्षी. शेजारचं मांजर. मग एक चित्र असं, की त्यात ती स्वतः होती.

पाठ कॅमेऱ्याकडे. शाळेचा करडा स्वेटर, तीच वेणी, वेणीला तेच लाल रबर. गवतात गुडघे टेकून, मागच्या दारापाशी, काहीतरी पुरत होती. झाकण बसवलं. उठली. टाचेनं दाबलं. बापानं शिकवलं होतं तसं, आधी हलकं, मग जोरात. ऊन लख्ख होतं. कोपऱ्यातली तारीख कालची आणि वेळ दुपारची. काल दुपारी ब्रायनी शाळेत भूगोलाच्या तासाला बसलेली होती.

मग कोल्हा आला. भर दुपारी. वळसा घालून गेला, पण जाता जाता थांबला आणि वर बघितलं. तिच्याकडे नाही. तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर, घराच्या कौलांपाशी तोंड असावं अशा एखाद्याकडे बघावं तसं.

आणि मग ती स्वेटरवाली मान वळवायला लागली.

ब्रायनीचं बोट हललं. विचार नाही, काही नाही. इतक्या दिवसांची सवय. स्वतःचं चित्र दिसलं की पुसायचं. पुसलं गेलं.

"काय आलं?" विल्फनं बिस्किटांची बशी ठेवत विचारलं.

"मांजर," ब्रायनी म्हणाली.

६

शेड गच्च भरली होती. शेतं बंद असली की लोकांना असल्या गोष्टीचीसुद्धा जत्रा वाटते. विल्फ इस्त्रीच्या शर्टात, केस पाणी लावून बसवलेले, नवरदेवासारखा. जिल्ह्याच्या बाईनं दोन्ही पेन्या भिंगाखाली घेतल्या. मग काट्यावर ठेवल्या, आधी एक, मग दुसरी. मग परत भिंग. तिचं हसू हळूहळू गेलं.

"मिस्टर बंकल, या दोन्ही वजनाला सारख्या आहेत. एका साच्यातून दोन नाणी सारखी निघू शकतात. पण चावा सारखा निघत नाही, चीर सारखी निघत नाही. यातली एक कुणीतरी बनवलीय."

 मागून एकजण पुटपुटला, "विल्फ? आपला विल्फ?"

विल्फ पेन्यांकडे बघत राहिला. "माझ्या हिरवळीत होत्या," तो म्हणाला. "मी खोटं कशाला..."  त्याचा हात उगाच रिकामा खिसा चाचपत होता.

जेड ब्रायनीकडे बघत होता. आधी दात काढत, मग नाही.

ब्रायनी उठली.  "मी केलं," ती म्हणाली. ते दोन शब्द इतके सोपे असतील असं तिला वाटलंच नव्हतं. "मी पुरल्या. विल्फला काही माहीत नाही. जेडनं पैज लावली होती."

आणि मग काय झालं, तर कुणी ओरडलंच नाही. आधी कुणीतरी "अग बया!" म्हणालं, मग एकजण हसला, मग सगळेच. जिल्ह्याची बाई भिंगातून वर बघत म्हणाली, "ही दुसरी तू बनवलीस? कशी? मला तर खरी कुठली ते अजून कळत नाहीये."

"बनवली म्हणजे..." ब्रायनी थबकली. अख्खी शेड तिच्याकडे बघत होती. आजवर इतक्या खोड्या केल्या, पण एकीचंही कौतुक कधी पदरात पडलं नव्हतं. कसं पडणार, कबूलच कधी केलं नव्हतं! तिची मान आपोआप ताठ झाली. "धंद्याचं गुपित आहे," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. जेड पुढं आला, कानापर्यंत लाल. "मशीन उद्या नेतो," तो म्हणाला, आणि जरा घुटमळून, "पण झकास केलंस हं, बाईसाहेब."

विल्फ तेवढा हसला नव्हता. तो हळूहळू तिच्याजवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. आता कानफटात देतो असं तिला वाटलं. पण म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला, कितीतरी दिवस कोंडून ठेवलेला.

"मग ती तूच होय," तो म्हणाला. "बरं झालं बाई. मला वाटलं माझं डोकं फिरायला लागलं."

"कोण ती?"

"अग, दुपारी मी चहा टाकतो तेव्हा. मागच्या दाराबाहेर उभी राहतेस ना, पाठ करून, शाळेच्या स्वेटरात. हाक मारली तर हलत पण नाहीस. काय भ्यालो मी, पोरी!"

"दुपारी?" जेड म्हणाला. "दुपारी तर ही शाळेत माझ्या..."

ब्रायनीनं त्याच्या पायावर पाय दिला. लोक ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, "भूत बनून पण घाबरवलं म्हातारबाबाला? कमाल आहे पोरीची!" ते कौतुक अजून गरम होतं, ते सोडवेना.

"हो," ती म्हणाली. "ती पण मीच."

विल्फ खो खो हसला. डोळे पुसले, टोपी घातली. "तरी एकीकडे वाटत होतंच, तू असशील. म्हणून तर आज निघताना दार उघडंच ठेवून आलो. म्हटलं, किती दिवस बिचारी बाहेर उभी राहणार? टेबलाशी खुर्ची पण ओढून ठेवलीय. चला, मी जातो. पाय दुखतात माझे."

तो शेडच्या दारापर्यंत पोचला होता. बाहेर लख्ख दुपार होती, गव्हावरून वारा जात होता. लोक पुन्हा चहाकडे वळले होते. जिल्ह्याची बाई अजून त्या दोन पेन्यांवर वाकलेली.

"विल्फ, थांबा!" ब्रायनी इतक्या जोरात ओरडली की लोकांच्या हातातले कप हिंदकळले. ती खुर्च्या ढकलत गेली आणि तिनं त्याची इस्त्रीची बाही दोन्ही हातांनी धरली. सगळे बघत होते. बघू देत.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "लोक वाहवा करत होते म्हणून बोलले. मी एकच पेनी पुरली होती. दुसरी माझी नाही. ती दारातली पण मी नाही. मी शाळेत असते, जेडला विचारा. विल्फ, घरी जाऊ नका."